मी न पाठवलेला निरोप

हृदय या अवयवाची बाजू आमच्या मामांइतक्या निष्ठेने जगात दुसऱ्या कोणी लढवली असेल असे मला वाटत नाही. मामा म्हणजे माझे नात्यातले कोणी नव्हेत. हिंगोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू झालो, तेव्हा तिथे ईसीजी काढण्याचे काम जे गृहस्थ करत, त्यांना झाडूवालीपासून सभापतींपर्यंत सगळे मामाच म्हणत. अंगाने किरकोळ, पांढरा सदरा कायम एका खांद्यावरून घसरलेला, आणि खिशात पेनाऐवजी ओल्या कापसाची डबी. ईसीजीची पट्टी वेडीवाकडी आली की आम्ही डॉक्टर मंडळी सरळ हृदयाची कॉलर धरतो. मामा आधी बाकी सगळ्यांची झडती घेत. रोग्याचे पोट, मूत्रपिंड, औषधाच्या पुड्या, शेतातली फवारणी, खोलीतला पंखा, कोणालाही ते सोडत नसत. अगदीच कोणी हाती लागले नाही तर मग नाइलाजाने हृदयाकडे वळत. "काळीज लई गरीब असतंय साहेब," ते म्हणत, "कांड करतंय दुसरंच कोणी आन् नाव याचं लागतंय."

त्यांची पट्टी काढण्याची पद्धत पाहण्यासारखी होती. दुसऱ्या कुठल्याही दवाखान्यात हे काम पाच मिनिटांचे आहे. माणूस झोपवायचा, हातापायांना चिमटे आणि छातीला रबरी गोळे लावायचे, बटण दाबायचे. मामांना अर्धा तास लागे, कारण त्यातली पंचवीस मिनिटे चौकशीत जात. काल काय खाल्लं, उलटी झाली का, झाडपाला कोणाचा घेतला, शेजाऱ्याची गोळी गिळली का, असे सगळे विचारून होईपर्यंत रोग्याला आपण दवाखान्यात आलो आहोत की सोयरीक जुळवायला, असा प्रश्न पडे. हळद काढणीच्या दिवसांत बायांचे हात पिवळेधमक आणि चिरा पडलेले असत. त्या कोरड्या कातडीवर चिमटा नीट बसत नाही म्हणून मामा ओल्या कापसाने एकेक मनगट सावकाश पुसत बसायचे. तांड्यावरच्या म्हाताऱ्या यायच्या, त्यांच्या हातात मनगटापासून दंडापर्यंत बांगड्या. आमच्या एका सिस्टरने अशा एका आजीला बांगड्या काढायला सांगितले तर आजी सरळ उठून चालू लागली. मामांनी तिला दारातून परत आणले, चिमटा पार दंडाच्या वर, खांद्याजवळच्या मोकळ्या जागेत लावला आणि सिस्टरला सांगितले की हात तोच आहे, काळजाला काही फरक पडत नाही. पट्टी उत्तम आली. आजी जाताना मामांच्या गालावरून हात फिरवून गेली आणि सिस्टरकडे तिने बघितलेसुद्धा नाही.

दवाखान्याच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी होती. ती सुरू असली की विजेच्या गडबडीने मामांच्या पट्टीवरची रेघ जाड आणि केसाळ यायची. मग मामा खिडकीतून तोंड बाहेर काढून गिरणीवाल्याला हाक मारत आणि दोन मिनिटे बंद ठेव म्हणून सांगत. गिरणी थांबे, दळणाच्या डब्यांची रांग थांबे, आणि रांगेतल्या बाया आता कोणाची पट्टी निघते आहे याचा अंदाज बांधत बसत. गिरणीवाला कधी कुरकुरला नाही, कारण त्याच्या सासऱ्याला हार्ट अटॅक आला म्हणून घरात रडारड सुरू झाली होती तेव्हा ती फक्त उचकी आहे हे मामांनीच पट्टीवर बोट ठेवून दाखवले होते. मशीन ठीक आहे की नाही हे पाहण्यासाठी दर सोमवारी सकाळी ते स्वतःची पट्टी काढत. अशा त्यांच्या स्वतःच्या शेकडो पट्ट्या एका गठ्ठ्यात बांधलेल्या होत्या आणि प्रत्येकीवर पेन्सिलीने शेरा होता. "एकादशी." "एसटी धरायला पळालो." "भावाशी बोलणं झालं." हा भाऊ वाटणीवरून दहा वर्षे बोलत नव्हता असे मला नंतर कळले.

मी रुजू झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी मला एकदा वाचवले होते. सेनगावकडून पहाटेच्या एसटीने आलेल्या एका शेतकऱ्याची पट्टी मी बघितली. सगळी रेघ थरथरत होती. मी इंजेक्शनची तयारी करायला सांगितली. मामांनी त्या माणसावर दोन घोंगड्या टाकल्या, चहा पाजला आणि दहा मिनिटांनी दुसरी पट्टी आणून माझ्यापुढे ठेवली. रेघ सरळ होती. गडी खिडकीची काच नसलेल्या गाडीत बसून आला होता आणि थंडीने कुडकुडत होता, एवढाच त्याचा आजार. आणखी एकदा निंदणीवरून आलेला एक माणूस छातीत दुखते म्हणत होता, घामाने निथळत होता, पण काय झाले ते सांगत नव्हता. मामांनी त्याचे धोतर पोटरीपर्यंत वर केले तर घोट्याला काळा दोरा. विंचू चावला होता, गावातल्या कोणीतरी मंत्र टाकला होता आणि उद्यापर्यंत तोंडातून शब्द काढलास तर विष वर चढेल असे बजावले होते. मामांनी त्याला फक्त मान हलवायला सांगितले आणि प्रश्न विचारत गेले. त्याचा मंत्रही मोडला नाही आणि आम्हाला वेळेवर औषधही देता आले. विंचवाचे विष हृदयाच्या ठोक्यांचे काय हाल करते ते मी पुस्तकात वाचले होते, पण पुस्तकात घोट्याच्या दोऱ्याचा उल्लेख नव्हता.

या सगळ्या प्रसंगांची मामांकडे एक वही होती. शाळेची, दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. चमत्कारिक पट्टी आली की तिचा एक तुकडा ते खळीने वहीत चिकटवत आणि शेजारी खरे कारण लिहीत. "जुलाब, तीन दिवस." "मूत्रपिंड खराब." "पाय घसरून डोक्यावर पडला." "बिट्टीच्या बिया, विषारी." माझ्या आधी तिथे एक वयस्कर डॉक्टर होते, त्यांनी मामांना ही सवय लावली आणि प्रत्येक पट्टीचा अर्थ बसून समजावला. मामांचे शिक्षण दहावीपर्यंतच, पण त्या वहीपुरते ते कोणाला हार जाणारे नव्हते. मी ती वही पहिल्या महिन्यातच वाचायला हवी होती. मी नवा एमडी होतो आणि खळीने चिकटवलेल्या गोष्टी वाचण्याइतका मोठा झालेलो नव्हतो.

आता जे सांगायचे आहे ते सांगायला मला बरीच वर्षे लागली.

सेनगावच्या बाजूला एका गावात एक भजनी बुवा होते. दोन एकर कोरडवाहू शेती, पण पंचक्रोशीत नाव गळ्यासाठी. कुठल्याही गावचा सप्ताह बुवांच्या आवाजाशिवाय उभा राहत नसे. तर हे बुवा एका सोमवारी, भर ओपीडीत, मुलाच्या खांद्याला धरून आले. पायांत ताकद नाही, उठताना मांड्या धरतात, छातीत मधूनच ठोका चुकतो. रक्तदाब मोजला तर बराच जास्त. मामांनी पट्टी काढली. ठोक्यानंतरची रेघ खाली झुकलेली आणि तिच्यामागे आणखी एक छोटा उंचवटा. मी झुकलेली रेघ पाहिली, उंचवटा पाहिला नाही. हृदयाला रक्त कमी पडते आहे, मी जाहीर केले, ताबडतोब नांदेडला न्यावे लागेल.

तेवढ्यात मामा ती निळी वही उघडून माझ्या टेबलाशी आले. माझ्यासमोर तेव्हा गावातले दोन पुढारी आणि एक औषध कंपनीचा माणूस बसला होता, दाराशी रोग्यांची गर्दी होती. मामा खाली वाकून हळू आवाजात म्हणाले, "साहेब, बुवाच्या गालात जेष्ठमध हाय. दोन म्हैने झाले दिवसभर चघळून राहिले, गळ्यासाठी. हे बघा, गाण्याच्या मास्तरची जुनी पट्टी, त्येबी हेच चघळायचे. बराबर अशीच हाय. आंगातलं पोटॅशियम उतरतंय त्यानं."

त्यांनी वहीतल्या पट्टीवर बोट ठेवले होते. मी तिकडे पाहिलेसुद्धा नाही. मला फक्त एवढेच दिसले की चार माणसांसमोर चिमटे लावणारा माणूस मला शिकवतो आहे. मी वही हाताने बाजूला सारली आणि मोठ्याने म्हणालो, "मामा, तुम्ही पट्टी काढा, वाचायला मी शिकलोय. ज्येष्ठमधाने हृदय बंद पडायला लागलं तर जिल्ह्यात एक कीर्तनकार शिल्लक राहायचा नाही." पुढारी हसले. औषधवाला तर जरा जास्तच हसला. मामांनी वही मिटली, सदरा खांद्यावर ओढून घेतला आणि "व्हय साहेब" म्हणून आत गेले. ते हसणे मला त्या दिवशी गोड वाटले होते, हेही लिहायलाच हवे.

नांदेडला बुवांची सगळी तपासणी झाली आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या. चार दिवस ठेवून, सलाइन लावून त्यांना परत पाठवले. बरोबर जे कार्ड दिले त्याच्या पहिल्या पानावर रक्तवाहिन्या ठीक असल्याचे लिहिले होते. दुसऱ्या पानावर लिहिले होते की पोटॅशियम फार कमी होते, भरून काढले आहे, कारण शोधावे. मी पहिले पान वाचले. रक्तदाब तर होताच, म्हणून लघवीवाटे पाणी काढणारी एक गोळी सुरू केली. त्या गोळीने पोटॅशियम आणखी उतरते, हे वैद्यकाच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असते. वर काळजीपोटी बुवांना सांगितले की गाणे पूर्ण बंद, मी सांगेपर्यंत एक ओळसुद्धा म्हणायची नाही.

बुवा आज्ञाधारक निघाले. ते गायचे थांबले आणि घरच्या ओट्यावर गप्प बसू लागले. पण ज्येष्ठमध त्यांनी सोडले नाही, उलट वाढवले. त्यांचे म्हणणे असे की गळा वापरात नाही तर तो बसून जाईल, डॉक्टरसाहेब ज्या दिवशी हो म्हणतील त्या दिवशी आवाज तयार असला पाहिजे. माझ्या परवानगीची वाट पाहत तो माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्वतःला आजारी करत होता. हे अर्थात मला तेव्हा माहीत नव्हते. मुलगा महिन्याला येऊन गोळ्या न्यायचा, पाय अजून तसेच आहेत, जरा जास्तच झालंय म्हणायचा, आणि मी वय झालं म्हणायचो. मामा दाराशी उभे राहून ऐकत. त्या सोमवारनंतर ते पट्टी माझ्यासमोर नुसती ठेवून जात. काही विचारले तर "तुमी बघा साहेब" एवढेच म्हणत, आणि त्यात टोमणा नव्हता, म्हणून मला ते जास्त लागायचे.

तीन-चार महिने गेले आणि एक दिवस बुवा स्वतःच्या पायांनी चालत आले. मुलगा मागे होता, पण हात धरलेला नव्हता. रक्तदाब मोजला तर कमीच भरला. मी ती गोळी बंद केली. मामांनी पट्टी काढली. रेघ जिथल्या तिथे, उंचवटा नाहीसा. मी मनात म्हटले, आपले औषध लागू पडले. तेवढ्यात बुवांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "साहेब, तुमचा निरोप आला आन् मी वाचलो."

मला काही उमजेना. मग बुवांनी सगळे सांगितले. गेल्या महिन्यात एका रविवारी मामा जीपने त्यांच्या गावी गेले होते. सोबत डोंगरकडा गावची केळी, पोटॅशियम भरपूर असलेली. त्यांनी सांगितले की डॉक्टरसाहेबांना तुमची काळजी लागून राहिली होती, त्यांनी मोठाली पुस्तके काढून बघितली, आणि त्यांचा हुकूम आहे की ज्येष्ठमध आजपासून बंद, तोंडालासुद्धा लावायचे नाही. घरातली ज्येष्ठमधाची पिशवी मामा स्वतः उचलून घेऊन गेले, साहेबांनी मागवली आहे म्हणून. दोन-तीन आठवड्यांत बुवांच्या मांड्यांत जोर आला.

मामा तिथेच कोपऱ्यात उभे होते आणि मशीनच्या वायरी गुंडाळत होते. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी वर पाहिले नाही. एका वाक्याचे काम होते. बुवा, निरोप माझा नव्हता, एवढे म्हणायचे होते. सिस्टर ऐकत होती, बाहेरची रांग ऐकत होती. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "बरं केलंत, ऐकलंत ते."

पुढच्या सप्ताहात बुवांच्या गावाने माझा सत्कार केला. मी नको म्हणालो, पण ज्या आवाजात माणूस खरोखर नको म्हणतो तो आवाज मी लावला नव्हता. मांडवात माइकवरून सरपंचांनी सांगितले की नांदेडला जे सापडले नाही ते आपल्या साहेबांनी ओळखले. माझ्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. मामा पुढून तिसऱ्या ओळीत सतरंजीवर मांडी घालून बसले होते आणि टाळ्या वाजवत होते. मग बुवा गायले. आवाज अजून जरा कापरा होता, पण खडा होता. सगळा मांडव डोळे मिटून डोलत होता आणि माझ्या खांद्यावरची शाल मला काढून ठेवता येत नव्हती.

परतताना जीपमध्ये आम्ही शेजारी बसलो. बराच वेळ धीर गोळा करून मी विचारले की मामा, माझं नाव का सांगितलंत. ते बाहेरच्या तुरीकडे बघत म्हणाले, "माझं नाव सांगितलं असतं तर बुवानं ऐकलं असतं का साहेब? चिमटे लावणाऱ्याचं कोण ऐकतंय." तुमी तरी ऐकलं का, हे त्यापुढचे वाक्य होते. ते त्यांनी म्हटले नाही.

दोन वर्षांनी मामा निवृत्त झाले. निरोप समारंभात बोलण्यासाठी मी सगळे कागदावर लिहून नेले होते, बुवा, वही, शाल, सगळे. मंचावर वरिष्ठ साहेब बसले होते. मी उभा राहिलो आणि मामांच्या वक्तशीरपणावर दहा मिनिटे बोललो. मामा कधीच वक्तशीर नव्हते. अर्ध्या तासाशिवाय त्यांची एक पट्टी निघत नसे. हॉलमधल्या प्रत्येकाला हे माहीत होते आणि तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तो कागद माझ्या कपाटात पडून राहिला. अखेर यंदाच्या उन्हाळ्यात मी ठरवून त्यांच्या गावी गेलो. औंढा नागनाथच्या पुढे आठ-दहा किलोमीटर, रस्त्याला लागूनच घर. मामा ओसरीवर खाटेवर बसले होते, आणखी वाळले होते, शेजारचे चार-पाच जण गप्पा मारायला आलेले होते. मला पाहून ते धडपडत उठले आणि मी चप्पल काढेपर्यंत माझी ओळख करून देऊ लागले. हे आमचे साहेब, बुवाचं जेष्ठमध धरलं ते हेच. कोणी कुठला बुवा म्हणून विचारले नाही. गोष्ट सगळ्यांना पाठ होती. एका म्हाताऱ्याने तर साहेब रात्रभर पुस्तके वाचत होते, अशी त्यात भर टाकली. सूनबाई चहा घेऊन आली आणि दारातच उभी राहून कौतुकाने माझ्याकडे पाहू लागली.

मी कप खाली ठेवला आणि या वेळी थांबलो नाही. सगळे सांगितले. मामांनी पहिल्याच दिवशी ओळखले होते, मी त्यांना चारचौघांत गप्प केले, लोकांना हसवले, कार्डाचे दुसरे पान वाचले नाही, आजार वाढवणारी गोळी दिली, निरोप माझा नव्हता आणि शाल माझी नव्हती. मला वाटले, आता सुटलो.

मामांनी शेजाऱ्यांकडे पाहून समाधानाने मान हलवली. "बघा," ते म्हणाले, "मी म्हणलो न्हवतो का, लई मोठ्या मनाचे हायत. आपल्या कामाचं नाव मला देऊन राहिले." शेजारी भारावून गेले. सूनबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मी पाय मागे घेईपर्यंत ती वाकून पाया पडलीसुद्धा.

निघताना मामा काठी टेकत रस्त्यापर्यंत सोडायला आले. जीप यायला वेळ होता. लोक मागे राहिल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि दवाखान्यात बोलत तसेच हळू आवाजात म्हणाले, "साहेब, चारचौघांत पुन्हा असं बोलू नका. लोकायचा तुमच्यावर भरोसा पायजे. तिथं आता तुमी हाव, मी न्हाई." मी हो म्हणालो. तसा शब्दच दिला त्यांना. जीप वळेपर्यंत ते काठीवर भार देऊन उभे होते आणि मी मागे वळून पाहिले तेव्हा त्यांनी हात वर केला.

आज मी तो शब्द मोडून हे लिहितो आहे. मामांचे न ऐकण्याची ही माझी दुसरी वेळ. पहिल्या वेळी ते काही बोलले नाहीत, या वेळी त्यांनी हवे तेवढे रागवावे.